अल्फा-बंगारोटॉक्सिन दिलं, तरी न्यूरॉनवर परिणाम का दिसत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग) ३०० मायक्रॉन जाडीच्या कापात सीए-१ भागातल्या पिरॅमिडल पेशीवर पॅच केला, म्हणजे काचेची बारीक पिपेट पेशीच्या पटलाला चिकटवून विजेचा प्रवाह मोजला. ॲसिटिलकोलीन या चेतासंदेशकाचा फवारा मारल्यावर प्रतिसाद आला. मग १०० नॅनोमोलर अल्फा-बंगारोटॉक्सिन, सर्पविषातला एक पेप्टाइड, १० मिनिटं सोडलं, पण प्रतिसाद तसाच राहिला. तर सर्पविषातले पेप्टाइड मेंदूतल्या रिसेप्टरवर काम करतात की फक्त स्नायूंवर? आणि करत असतील, तर कोणते पेप्टाइड कुठे आणि कसे?

काम करतात. तुमच्या प्रयोगात मात्र टॉक्सिनला काम करायला जागाही मिळाली नाही आणि वेळही. त्यात तुम्ही पाहिलेला प्रतिसाद बहुधा टॉक्सिनच्या रिसेप्टरचा नव्हताच. तिन्ही गोष्टींकडे येतो. त्याआधी एक गैरसमज काढून टाकू.

मण्यार किंवा नाग चावलेल्या माणसाच्या मेंदूत ही टॉक्सिन जाऊन बसतात, असं होत नाही. ६ ते ८ किलोडाल्टन वजनाचे हे भारित पेप्टाइड रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडथळा फारसा ओलांडत नाहीत. पापण्या उचलत नाहीत, थुंकी गिळता येत नाही, श्वास थांबतो, हे सगळं घडतं ते चेता आणि स्नायू यांच्या जोडावर. मण्यारीच्या दंशात तर बाहुल्या विस्फारून स्थिर होतात, हातपाय हलत नाहीत, रुग्ण मेंदूमृत वाटतो आणि आत मात्र शुद्धीवर असू शकतो. कृत्रिम श्वास वेळेवर मिळाला तर तो बरा होऊन चालत घरी जातो. मेंदूला इजा होते ती प्राणवायू कमी पडल्यामुळे. तेव्हा ‘मेंदूतल्या रिसेप्टरवर सर्पविषाचा परिणाम’ हा विषय डिशमधल्या पेशींचा, मेंदूच्या कापांचा आणि थेट मेंदूत टोचलेल्या डोसचा आहे. तिथे हे पेप्टाइड अवजार म्हणून वापरले जातात.

यातले बहुतेक उपयोगी पेप्टाइड एकाच घडणीचे असतात. त्यांना तीन-बोटी टॉक्सिन म्हणतात. मध्ये चार डायसल्फाइड बंधांनी (गंधकाच्या दोन अणूंमधले बंध) घट्ट बांधलेला तळवा, आणि त्यातून बाहेर आलेली तीन लांब वळणं, म्हणजे बोटं. साधारण ५७ ते ८२ अमिनो आम्लं. आखूड जातीत ६० ते ६२ अमिनो आम्लं आणि चार बंध. लांब जातीत ६६ ते ७५, आणि मधल्या बोटाच्या टोकाशी एक जादा, पाचवा बंध. हा पाचवा बंध क्षुल्लक वाटतो, पण सगळा फरक त्यात आहे: स्नायूवरचा निकोटिनिक रिसेप्टर (ॲसिटिलकोलीनचा, निकोटीननेही उघडणारा) दोन्ही जाती पकडतात, मेंदूतला त्याच कुळातला अल्फा-७ रिसेप्टर मात्र नीट पकडतात त्या लांब जातीच. म्हणून आखूड जातीचं टॉक्सिन घेऊन कोणी न्यूरॉनवर प्रयोग करत असेल, तर नकारात्मक निकाल ठरलेलाच आहे.

अल्फा-बंगारोटॉक्सिन लांब जातीचं. ७४ अमिनो आम्लं, पाच बंध, वस्तुमान ७९८४ डाल्टन. ते आपल्याकडच्या मण्यारीचं नाही. तैवान आणि चीनच्या भागातल्या बंगारस मल्टिसिंक्टस या तिच्या भावकीतल्या सापाचं आहे. १९६३ मध्ये तैवानात चांग आणि ली यांनी त्या विषाचे स्टार्चवर विद्युतक्षेत्रात पट्टे पाडले, त्या पट्ट्यांना अल्फा, बीटा, गॅमा अशी नावं पडली. म्हणजे अल्फा आणि बीटा एकमेकांचे जवळचे नातेवाईक नाहीत. बीटा हे चेतातंतूच्या टोकावर काम करणारं, फॉस्फोलायपेज असलेलं निराळंच टॉक्सिन आहे. १९७० मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ शांझ्यू यांच्या गटाने ली यांच्याकडूनच आलेलं अल्फा टॉक्सिन वापरून विद्युत ईल माशाच्या वीज-अवयवातला रिसेप्टर वेगळा ओळखला. चेतासंदेशकाचा रिसेप्टर ही हातात धरता येण्यासारखी वस्तू झाली ती तिथून.

पकड कशी बसते? निकोटिनिक रिसेप्टर पाच उपघटकांचा बनलेला असतो. ॲसिटिलकोलीनची जागा दोन उपघटकांच्या सांध्यात, सुगंधी वलयांच्या अमिनो आम्लांनी वेढलेली असते. टॉक्सिनचं मधलं बोट त्या सांध्यात शिरतं, त्यावरचं आर्जिनिन (क्रमांक ३६) आणि फेनिलॲलनिन (क्रमांक ३२) आतल्या वलयांना भिडतात, आणि जागेवरची झडप, जिला सी-लूप म्हणतात, बाहेरच्या बाजूला उघडी अडकून राहते. दार उघडण्यासाठी तीच झडप आत मिटावी लागते. अल्फा-७ मध्ये अशा पाच जागा आहेत, पण पाचही भराव्या लागत नाहीत: एका जागेवर टॉक्सिन बसलं तरी रिसेप्टर उघडत नाही, असं २०१५ मध्ये दाखवलं गेलं.

मुंगूस सापाला का भीत नाही, याचं एक उत्तर याच झडपेत आहे. मुंगसाच्या स्नायूतल्या रिसेप्टरमध्ये १८७ क्रमांकाच्या जागी साखरेची साखळी लावता येईल असं अस्पॅराजिन आहे, नागाच्या स्वतःच्या रिसेप्टरमध्ये ते १८९ क्रमांकावर आहे. त्या साखळीमुळे टॉक्सिनचं बोट आत जातच नाही. मुंगसात शेजारची दोन प्रोलिनही बदललेली आहेत. ॲसिटिलकोलीन लहान असल्यामुळे त्याची ये-जा सुरूच राहते. मेंदूत सर्वांत जास्त आढळणारा अल्फा-४-बीटा-२ रिसेप्टर अल्फा-बंगारोटॉक्सिनला दाद देत नाही, तेही झडपेच्या आणि शेजारच्या उपघटकाच्या अशाच बारीक फरकांमुळे. तेव्हा ‘निकोटिनिक रिसेप्टर बंद केले’ असं प्रबंधात लिहू नका. तुम्ही अल्फा-७ बंद केले, एवढंच लिहा.

आता तुमचा प्रयोग.

पिरॅमिडल पेशीत अल्फा-७ चा प्रवाह फार लहान असतो, पुष्कळदा दिसतही नाही. तुम्ही ॲट्रोपिन (ॲसिटिलकोलीनच्या रिसेप्टरचं दुसरं, मस्करिनिक कुळ रोखणारं औषध) वापरल्याचा उल्लेख नाही. ॲट्रोपिनशिवाय ॲसिटिलकोलीन दिलं की या पेशीत काही सेकंदांनी सुरू होऊन बराच वेळ टिकणारा प्रतिसाद येतो. तो मस्करिनिक, मुख्यतः एम-१ रिसेप्टरचा; तो पोटॅशियमच्या एम-प्रवाहाला मिटवतो. त्यावर अल्फा-बंगारोटॉक्सिनचा काहीच परिणाम होणार नाही, आणि झाला नाही. पेशी बदला: सीए-१ च्याच स्ट्रॅटम रेडिएटम थरातल्या इंटरन्यूरॉनवर (शेजारच्या पेशींना आवर घालणारा न्यूरॉन) या. तिथे अल्फा-७ चा प्रवाह दहा-वीस ते शे-दोनशे पिकोॲम्पियर मिळतो. द्रावात ॲट्रोपिन १ मायक्रोमोलर, सोडियमच्या वाहिन्या रोखायला टेट्रोडोटॉक्सिन ०.५ मायक्रोमोलर, ग्लुटामेटचे रिसेप्टर रोखायला सीएनक्यूएक्स १० मायक्रोमोलर ठेवा. गाबा या शांत करणाऱ्या संदेशकाचे रिसेप्टर रोखायला गाबाझिन घ्या. बायकुक्युलिन निकोटिनिक रिसेप्टरलाही रोखतं, मग आपण काय मोजतोय तेच कळत नाही.

ॲसिटिलकोलीनऐवजी कोलीन १० मिलिमोलर जास्त चांगलं, कारण ते अल्फा-४-बीटा-२ ला फारसं उघडत नाही. फवारा ५० ते १०० मिलिसेकंदांचा, पिपेटचं टोक पेशीपासून १०-२० मायक्रॉनवर. अल्फा-७ काही मिलिसेकंदांत उघडतो आणि दहा-वीस मिलिसेकंदांत थकून गप्प होतो. संदेशक संथपणे, वाहत्या द्रावातून दिला तर रिसेप्टर उघडण्याआधीच थकतात आणि ‘या पेशीत अल्फा-७ नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो. दर दोन मिनिटांनी एक फवारा, आणि टॉक्सिन देण्याआधी किमान १० मिनिटं स्थिर नोंद. हा प्रवाह आपोआपही ओसरतो, म्हणून तेवढ्याच वेळाची, टॉक्सिनशिवायची नोंद दुसऱ्या कापावर घेतल्याशिवाय टक्केवारी मांडू नका.

वेळेचा मुद्दा. डिशमधल्या उघड्या पेशीवर १०० नॅनोमोलर काही मिनिटांत पुरेसं होतं. ३०० मायक्रॉनच्या कापात ८ किलोडाल्टनचा पेप्टाइड ५०-१०० मायक्रॉन खोल पोचायला अर्धा तास सहज लागतो, त्यात वाटेतल्या प्रत्येक रिसेप्टरवर तो अडकत जातो. १० मिनिटांत तुमच्या पेशीपाशी काय पोचलं असेल, याचा विचार करा. अर्धा तास द्रव वाहता ठेवला, तर खर्चही बघा: मिनिटाला २ मिलिलिटर म्हणजे ६० मिलिलिटर, त्यात १०० नॅनोमोलरसाठी ४८ मायक्रोग्रॅम टॉक्सिन. १० मिलिलिटर द्रव फिरवत ठेवला तर ८ मायक्रोग्रॅममध्ये भागतं.

याहून स्वस्त आणि माझ्या मते जास्त खात्रीची पद्धत म्हणजे काप आधीच भिजवणं. एकाच मेंदूचे काप दोन गटांत वाटा. एका गटाला ५-१० मिलिलिटर द्रवात १०० नॅनोमोलर टॉक्सिन, दुसऱ्याला तोच द्रव टॉक्सिनशिवाय, दोन्ही ६० मिनिटं. मग कुठला काप कुठल्या गटातला हे माहीत नसलेल्या माणसाने पॅच करायचं. अल्फा-७ वरून टॉक्सिन सुटायला तास लागतात, त्यामुळे पॅच करताना द्रवात टॉक्सिन नसलं तरी चालतं. ‘आधी-नंतर’ अशी एकाच पेशीची देखणी नोंद यात मिळत नाही, हा तोटा आहे. ती हवीच असेल तर मिथाइललायकॅकोनिटिन, अल्फा-७ रोखणारा लहान रेणू, वापरा: १० नॅनोमोलर, १० मिनिटं, आणि धुतल्यावर प्रतिसाद बराचसा परत येतो. ५० नॅनोमोलरच्या वर मात्र त्याचाही नेम चुकतो.

मोठी गळती होते ती चिकटण्यामुळे. हे पेप्टाइड प्लास्टिकला आणि काचेला चिकटतात, आणि नॅनोमोलर पातळीवर बाटलीच्या भिंतीच अर्धा डोस खाऊन टाकतात. १ मिलिग्रॅमच्या कुपीत १.२५ मिलिलिटर पाणी किंवा बफर घातलं की १०० मायक्रोमोलर साठा तयार होतो. त्याचे १०-१० मायक्रोलिटरचे भाग कमी चिकटणाऱ्या नळ्यांत उणे २० अंशांवर ठेवा. एकदा वितळलेली नळी परत गोठवू नका. कामाच्या द्रवात ०.१ टक्के बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन घाला, १ मिलिलिटरला साठ्याचा १ मायक्रोलिटर म्हणजे १०० नॅनोमोलर. अल्ब्युमिनच्या द्रवात कार्बोजेनचे (ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण) बुडबुडे सोडले की दुधासारखा फेस येतो आणि पेप्टाइड फेसात जातो, तेव्हा वायू आधीच भरून घ्या आणि नंतर फक्त पृष्ठभागावरून फिरवा. डीटीटी किंवा टीसेप जवळपासही नको, डायसल्फाइड बंध तुटले की बोटं ढिली पडून टॉक्सिन निकामी होतं.

आता शुद्धता. सत्तरच्या दशकात कोणाच्या हातात अल्फा-बंगारोटॉक्सिन चेतागंडिकांतला संदेश अडवायचं, कोणाच्या हातात नाही. कारण पुढे सापडलं: काही नमुन्यांत दुसरंच एक टॉक्सिन मिसळलेलं होतं. त्याला पुढे कॅपा-बंगारोटॉक्सिन म्हटलं गेलं. ६६ अमिनो आम्लांचं, जोडीने राहणारं, अल्फा-३-बीटा-२ रिसेप्टर रोखणारं. आज पुरवठादार बरे आहेत, तरी नव्या कुपीचं वस्तुमान ७९८४ डाल्टन येतं का हे मास स्पेक्ट्रोमीटरवर एकदा बघून घ्यावं. फॉस्फोलायपेजची भेसळ त्याहून वाईट, कारण ती पटल कुरतडते आणि सगळ्याच रिसेप्टरचे प्रतिसाद बदलतात. याच कारणासाठी अख्खं विष न्यूरॉनवर टाकून ‘रिसेप्टरवरचा परिणाम’ मोजण्यात अर्थ नाही. शिवाय सर्पविषाचा व्यवहार १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवान्याशिवाय करता येत नाही. कुणी सर्पमित्र ‘नागाचं विष देतो’ म्हणाला, तरी घेऊ नका.

तुमच्या पहिल्या नोंदीतला मस्करिनिक प्रतिसाद रोखायला जे टॉक्सिन लागेल, तेही सापाचंच आहे. आफ्रिकेतल्या हिरव्या माम्बाच्या विषातलं एमटी-७. तीन-बोटीच, ६५ अमिनो आम्लं, चार बंध. घडण तीच, काम करण्याची रीत वेगळी. मस्करिनिक रिसेप्टरची ॲसिटिलकोलीनची जागा पटलाच्या आत खोल असते, तिथे हा पेप्टाइड मावत नाही. तो वरच्या तोंडाशी, बाहेरच्या वळणांना धरून बसतो, आणि ही बाहेरची वळणं पाचही मस्करिनिक प्रकारांत वेगवेगळी असल्यामुळे तो जवळपास फक्त एम-१ वरच बसतो. एम-१ सोबतची त्याची त्रिमिती रचना २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. लहान रेणूंच्या औषधांत एवढा नेम सहसा मिळत नाही, कारण ती खोल जागा पाचही प्रकारांत सारखी आहे. तुमच्या पिरॅमिडल पेशीवर १०० नॅनोमोलर एमटी-७ देऊन तो संथ प्रतिसाद गेला, तर तो एम-१ चा होता हे सिद्ध होईल. धुतल्यावर प्रतिसाद परत येण्याची वाट पाहू नका. एमटी-३ एम-४ साठी वापरतात आणि उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये टोचल्यावर शिकलेलं विसरल्याचं दिसलं आहे, पण एमटी-३ ॲड्रिनर्जिक रिसेप्टरच्या काही प्रकारांवरही बसतं. एमटी-१ तर एम-१ आणि एम-४ दोन्हींवर. नावांच्या मालिकेवरून नेमकेपणा गृहीत धरू नये.

गाबाच्या बाजूला कोस्टा रिकामधल्या एका प्रवाळसापाच्या विषातले दोन पेप्टाइड आहेत, मायक्रुरोटॉक्सिन. २०१५ मध्ये त्यांचं काम समोर आलं. ते गाबा-ए रिसेप्टरला घट्ट पकडतात, त्याची गाबासाठीची संवेदनशीलता आधी वाढवतात आणि मग त्याला थकवून टाकतात. म्हणजे शांत करणारा रिसेप्टर सुरुवातीला जास्त उघडतो आणि शेवटी निकामी होतो. उंदरांच्या मेंदूत टोचल्यावर झटके येतात. बेन्झोडायझेपीनची जागा अल्फा आणि गॅमा उपघटकांच्या सांध्यात असते, या टॉक्सिनची जागा बहुधा अल्फा आणि बीटाच्या सांध्यात.

ग्लुटामेटच्या बाबतीत नेहमी होणारी गल्लत सांगून टाकतो: एनएमडीए रिसेप्टर रोखणारा कोनॅन्टोकिन हा सापाचा नाही, कोनस जातीच्या समुद्री गोगलगायीचा आहे. माम्बाचं डेंड्रोटॉक्सिन पोटॅशियमच्या केव्ही-१ वाहिनीवर, काळ्या माम्बाचं माम्बाल्जिन आम्ल ओळखणाऱ्या वाहिनीवर काम करतं. दोन्ही न्यूरॉनवर काम करतात, पण चेतासंदेशकाच्या रिसेप्टरच्या यादीत घालू नका.

रंगवण्यासाठी टॉक्सिन वापरणार असाल तर वेगळी सावधगिरी हवी. फ्लुओरोसंट अल्फा-बंगारोटॉक्सिन जिवंत पेशींवर, स्थिरीकरणाच्या आधी लावा. नंतर आणि पटल सच्छिद्र करून लावलं, तर आतले साठवलेले रिसेप्टरही रंगतात, आणि अल्फा-७ चा आतला साठा मोठा असतो. कंट्रोल म्हणून सगळे जण बिनरंगी टॉक्सिन जास्त प्रमाणात देतात. ते पुरेसं नाही. अल्फा-बंगारोटॉक्सिन बीटा-३ असलेल्या काही गाबा-ए रिसेप्टरवरही बसतं, आणि बिनरंगी टॉक्सिन तिथूनही रंगीत टॉक्सिनला हटवतं, म्हणजे कंट्रोल पास होतो आणि गाबाचा ठिपका अल्फा-७ म्हणून मोजला जातो. निकोटीन १ मिलिमोलर किंवा मिथाइललायकॅकोनिटिन १ मायक्रोमोलर आधी देऊन रंग जातो का ते बघा. अल्फा-७ नॉकआऊट उंदराच्या, म्हणजे अल्फा-७ चं जनुक निकामी केलेल्या उंदराच्या, पेशी मिळाल्या तर फारच उत्तम. अँटिबॉडीवर विसंबू नका, बाजारातल्या अल्फा-७ अँटिबॉडींपैकी अनेक नॉकआऊट उंदराच्या कापातही तितक्याच ठळकपणे रंगतात.

याच टॉक्सिनचा एक वेगळा उपयोग तुम्हाला पुढे लागेल. टॉक्सिनला पकडणारा १३ अमिनो आम्लांचा तुकडा दुसऱ्याच रिसेप्टरच्या बाहेरच्या भागात जोडतात, उदाहरणार्थ ग्लुटामेटच्या एएमपीए रिसेप्टरला, आणि मग रंगीत टॉक्सिनने तो रिसेप्टर पटलावर कधी येतो, कधी आत जातो हे जिवंत पेशीत मोजतात. त्या वेळी पेशीचे स्वतःचे निकोटिनिक रिसेप्टर झाकायला ट्युबोक्युरारीन घालतात, ते जोडलेल्या तुकड्यावर बसत नाही.

मेंदूत या घडणीचं स्वतःचं प्रथिनही आहे, हे १९९९ मध्ये कळलं. त्याचं नाव लिंक्स-१. तेही तीन-बोटी, पण विषारी नाही. निकोटिनिक रिसेप्टरला चिकटून त्याची संवेदनशीलता कमी ठेवतं. सापांनी अशीच घडण विष म्हणून वापरली असं मानतात. प्रयोगाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की कापातला रिसेप्टर आणि बेडकाच्या अंड्यात व्यक्त केलेला रिसेप्टर टॉक्सिनला तंतोतंत सारखा प्रतिसाद देतीलच असं नाही. अंड्यातले आकडे कापावर जसेच्या तसे लावू नका.

कुपी उघडून पावडर तोलू नका, ती स्थिर विजेने उडते. रबरी बुचातून सुईने द्राव थेट आत सोडा, हातमोजे आणि चष्मा घालून. भारतीय बहुगुणी सर्पविषप्रतिबंधक लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषांवर बनते. तैवानच्या सापाचं हे टॉक्सिन त्या यादीत नाही, म्हणून प्रयोगशाळेत लस ठेवली आहे या भरवशावर राहू नये. आणि ज्या नळ्यांतून टॉक्सिन गेलं त्या धुऊन पुन्हा वापरू नका, टाकून द्या. पुढच्या आठवड्यातल्या कंट्रोल कापात अल्फा-७ चा प्रतिसाद अचानक नाहीसा झाला, तर आधी त्याच नळ्या तपासा.